चिखलातील चाक आणि डिफरेन्शिअलचे लॉक

पावसाळ्यात चिखलात रुतलेली मोटारगाडी पुष्कळांनी पाहिली असेल. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, एंजिन घरघरते, मागचे एक चाक जागच्या जागी गरगर फिरून चिखल उडविते आणि गाडी मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. अशा वेळी बारकाईने पाहिल्यास एक नवल दृष्टीस पडते. चिखलातले चाक वेगाने फिरत असते. पण दुसऱ्या बाजूचे चाक कोरड्या, घट्ट जमिनीवर असूनही स्वस्थ उभे असते. ज्या चाकाला गाडी बाहेर काढता आली असती ते काहीच करीत नाही, आणि ज्याला जमिनीची पकडच नाही ते सारखे फिरत राहते.

हा यंत्रातील बिघाड नव्हे. गाडीच्या मागील आसात डिफरेन्शिअल नावाची दंतचक्रांची जी योजना असते, ती आपले नेमून दिलेले काम चोख बजावीत असते, म्हणूनच असे घडते. ही योजना मुळात कशासाठी केली गेली, ती चिखलात का अडविते, आणि डोंगरात, वाळूत व शेतात चालणाऱ्या गाड्यांत ती काही काळापुरती बंद करण्यासाठी कोणता उपाय योजतात, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण हा उपाय योग्य वेळी केला तर अडलेली गाडी सुटते. अवेळी केला तर आस मोडतो किंवा गाडी वळतच नाही.

वळणावरचा एक फेरा

बैलगाडीची चाके कण्यावर सुटी बसविलेली असतात. कणा फिरत नाही, चाके आपापल्या परीने फिरतात. गाडी वळू लागली की बाहेरच्या बाजूचे चाक अधिक अंतर कापते आणि आतल्या बाजूचे कमी. दोन्ही सुटी असल्यामुळे कोणालाच कोणाची अडचण होत नाही. हे शक्य होते, कारण बैल गाडीला पुढून ओढतात; चाकांना फिरविण्याचे काम कोणी करीत नाही.

मोटारगाडीची गोष्ट वेगळी आहे. तिला ओढणारे पुढे कोणी नाही. एंजिनाने चाके फिरवावी आणि चाकांनी जमिनीला मागे रेटून गाडी पुढे न्यावी, अशी तिची रीत. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला पक्की जोडून तो दांडा एंजिनाने फिरविला तर काम सोपे होईल. पण मग दोन्ही चाकांना नेहमी सारखेच फेरे घ्यावे लागतील, आणि वळणावर पंचाईत होईल.

ही पंचाईत किती मोठी आहे ते साध्या गणिताने काढता येते. एका गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे असे समजू. गाडीने पूर्ण वर्तुळाकार फेरी मारली तर बाहेरच्या चाकाच्या वर्तुळाची त्रिज्या आतल्या चाकाच्या वर्तुळापेक्षा १.४ मीटरने मोठी असते. म्हणून त्याला २ × ३.१४ × १.४, म्हणजे सुमारे ८.८ मीटर अंतर अधिक कापावे लागते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. रस्त्याच्या नाक्यावर गाडी काटकोनात वळली की या फरकाचा चौथा हिस्सा, म्हणजे २.२ मीटर, वाट्यास येतो. आता चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघही २.२ मीटरच भरतो. म्हणजे अशा गाडीच्या बाहेरच्या चाकाला प्रत्येक काटकोनी वळणात आतल्या चाकापेक्षा एक पुरा फेरा अधिक घ्यावा लागतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असतील तर हा फेरा कोठून तरी भरून काढावा लागेल. एखादे चाक रस्त्यावर घासत जाईल, किंवा दांडा पिळला जाईल.

ही अडचण मोटारींच्याही आधी, वाफेच्या गाड्यांच्या काळात पुढे आली. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळे बनविणाऱ्या कारागिराने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरेन्शिअलची योजना केली. घड्याळजीला लहान लहान दंतचक्रांचे परस्परसंबंध ठाऊक असतात. त्या विद्येचा येथे उपयोग झाला. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यांनी ही कल्पना तीनचाकी सायकलीत आणली. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८५ मध्ये तयार केलेल्या पेट्रोलच्या तीनचाकी मोटारीतही मागच्या दोन चाकांसाठी डिफरेन्शिअल होते. तेव्हापासून एंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणाऱ्या बहुतेक सर्व मोटारींत ते कोणत्या ना कोणत्या रूपाने बसविले जाते.

पेटीतील दंतचक्रे

डिफरेन्शिअलची रचना अशी असते. एंजिनाकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दंतचक्र असते. ते क्राउन व्हील नावाच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते. क्राउन व्हीलला एक पोलादी पेटी पक्की बसविलेली असते व ती त्याच्याबरोबरच फिरते. पेटीच्या आत डावीकडे एक व उजवीकडे एक अशी शंकूच्या आकाराची दोन दंतचक्रे समोरासमोर असतात. डावे दंतचक्र डाव्या चाकाच्या आसाला आणि उजवे उजव्या चाकाच्या आसाला जोडलेले असते. या दोहोंच्या मध्ये, दोहोंशी दात गुंतवून, आणखी दोन किंवा चार लहान दंतचक्रे असतात. ही मधली दंतचक्रे पेटीतून आडव्या गेलेल्या खिळीवर बसविलेली असतात. त्यामुळे ती पेटीबरोबर गोल फिरतात, आणि गरज पडल्यास स्वतःच्या खिळीभोवतीही फिरू शकतात.

गाडी सरळ चालली असता मधली दंतचक्रे खिळीभोवती फिरत नाहीत. ती दोन्ही बाजूंच्या दंतचक्रांना सारखेच ढकलीत नेतात. पेटी मिनिटाला १०० फेरे घेत असेल तर दोन्ही चाकेही १०० फेरे घेतात. गाडी वळू लागली की आतले चाक मंदावते. मग मधली दंतचक्रे खिळीभोवती फिरू लागतात, आणि आतल्या चाकाचे जेवढे फेरे कमी होतात तेवढेच बाहेरच्या चाकाचे वाढतात. आतले ९० तर बाहेरचे ११०. दोहोंची बेरीज मात्र नेहमी पेटीच्या फेऱ्यांच्या दुपटीइतकीच राहते.

चिखलातल्या चाकाचे कोडे येथे अर्धे उलगडते. एक चाक पूर्ण थांबले तरी नियम मोडत नाही. थांबलेल्या चाकाचे फेरे शून्य, म्हणून दुसऱ्याचे २००. जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे असते आणि चिखलातले चाक दुप्पट वेगाने फिरते, ते यामुळेच.

मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात हा नियम डोळ्यांनी पाहता येतो. मागची दोन्ही चाके आधारावर पक्की उचललेली असून एंजिन बंद व गाडी गिअरमध्ये असेल, तर पेटी फिरू शकत नाही. अशा वेळी कारागिराने एक चाक हाताने पुढे फिरविले की दुसरे चाक तेवढेच मागे फिरते. पेटीचे फेरे शून्य असल्यामुळे दोन चाकांच्या फेऱ्यांची बेरीजही शून्यच राहते.

सारखी वाटणी

कोड्याचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो फेऱ्यांचा नसून जोराचा आहे. चाक फिरविणाऱ्या जोराला यंत्रशास्त्रात परिबल म्हणतात. डिफरेन्शिअल दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देते, परंतु परिबल मात्र दोहोंना नेहमी सारखेच देते.

असे का होते ते बैलांच्या जुवावरून ध्यानात येईल. जू मधोमध एकाच खुंटीवर बसविलेले आहे आणि खुंटीभोवती मोकळे फिरू शकते, असे समजा. एक बैल बळकट आहे व दुसरा दुबळा. बळकट बैलाने अधिक जोर लावला तर जू त्याच्या बाजूने पुढे जाईल आणि दुबळ्याच्या बाजूने मागे येईल. पण गाडीवर जास्तीचा जोर पडणार नाही. जू समतोल राहावयाचे तर दोन्ही टोकांवरील ओढ सारखीच असली पाहिजे. म्हणून दुबळा बैल जेवढे ओढील तेवढेच बळकट बैलालाही ओढता येते. डिफरेन्शिअलमधील मधले दंतचक्र हे असेच एक जू आहे. त्याची खिळी ही खुंटी, आणि डावीउजवीकडचे दात ही दोन टोके.

आता चाक जमिनीला किती जोराने रेटू शकते ते जमिनीच्या पकडीवर अवलंबून असते. पकडीपेक्षा अधिक जोर दिला की चाक घसरून जागीच फिरू लागते. चिखलातल्या चाकाची पकड अल्प असते, म्हणून त्याला अल्प जोरच देता येतो. आणि वाटणी सारखी असल्यामुळे कोरड्या जमिनीवरील चाकालाही तेवढाच अल्प जोर मिळतो. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी त्यात भर पडत नाही. चिखलातले चाक अधिक वेगाने फिरून खड्डा तेवढा खोल करते.

चारी चाके फिरविली तरी

यावर एक उपाय सहज सुचतो. दोनच चाकांऐवजी चारी चाकांना एंजिनाचा जोर द्यावा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या जीपगाड्यांत हीच योजना होती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबईत महिंद्र उद्योगाने विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि खेड्यापाड्यांतील कच्च्या रस्त्यांवर ही चारचाकी जोराची गाडी सर्वांच्या परिचयाची झाली.

तथापि चारी चाकांना जोर दिल्याने प्रश्न पुरता सुटत नाही, कारण पुढच्या आसात एक व मागच्या आसात एक अशी दोन डिफरेन्शिअले तेथे आहेतच. आकड्यांनी पाहू. १,६०० किलोग्रॅम वजनाची एक गाडी आहे आणि प्रत्येक चाकावर ४०० किलोग्रॅम भार आहे. चढावर हा भार थोडाफार पुढचा मागे सरकतो, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून ते बाजूस ठेवू. घट्ट, कोरड्या खडकावर चाकाला भाराच्या दहा हिश्शांपैकी आठ हिस्से पकड मिळते, तर बुळबुळीत चिखलात एकच हिस्सा मिळतो, असे धरू. म्हणजे खडकावरील चाक ३२० किलोग्रॅम-भाराइतका रेटा देऊ शकते आणि चिखलातले केवळ ४०.

या गाडीला आठास एक असा चढ चढावयाचा आहे. त्यासाठी निदान १,६०० चा आठवा हिस्सा, म्हणजे २०० किलोग्रॅम-भार रेटा हवा. तिची डावीकडची दोन्ही चाके चिखलात आणि उजवीकडची दोन्ही खडकावर आहेत. केवळ मागच्या आसाला जोर दिला, तर चिखलातले चाक ४० देते आणि सारख्या वाटणीमुळे खडकावरील चाकही ४० च देते. एकूण ८०. चारी चाकांना जोर दिला तर एकूण १६०. तरीही ४० कमीच पडतात. खडकावरील दोन चाके मिळून ६४० चा रेटा देण्यास समर्थ असताना गाडी चढावर अडून राहते.

ओबडधोबड डोंगरी वाटेवर याहून कठीण प्रसंग येतो. पुढचे डावे चाक आणि मागचे उजवे चाक, अशी कर्णावरची दोन चाके एकाच वेळी खड्ड्यांवर अधांतरी राहतात. अधांतरी चाकाला पकड शून्य, म्हणून त्याच्या जोडीदारालाही जोर शून्य. दोन्ही आस निकामी होतात. काही गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांच्या मध्ये तिसरे डिफरेन्शिअल असते. त्यांच्यात तर एकच चाक अधांतरी गेले तरी चारी चाकांचा जोर नाहीसा होतो.

लॉक म्हणजे काय

दोष डिफरेन्शिअलच्या मोकळेपणात असेल, तर तो मोकळेपणा काढून घ्यावा, हाच यावरचा उपाय होय. डिफरेन्शिअल लॉक हेच करते. पेटीच्या आतील एका बाजूचे दंतचक्र पेटीलाच जखडून टाकले की मधल्या दंतचक्रांना खिळीभोवती फिरता येत नाही. मग पेटी, मधली दंतचक्रे व दोन्ही आस हे सारे एकाच अखंड दांड्यासारखे एकत्र फिरतात. जुवाच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर जू खुंटीवर फिरू नये म्हणून ते दांडीला दोराने घट्ट बांधून टाकले. आता दुबळा बैल थांबला तरी बळकट बैलाची सारी ओढ गाडीला मिळते.

जखडण्यासाठी बहुधा बाहेर दाते असलेली एक कडी वापरतात. ती आसावर सरकविली की तिचे दाते पेटीच्या खाचांत जाऊन बसतात, जसा दाराचा अडसर खोबणीत बसतो. कडी सरकविण्याचे काम चालकाजवळच्या दांडीने, दाबलेल्या हवेने किंवा विजेने केले जाते.

वरच्या उदाहरणातील गाडीच्या मागच्या आसाचे लॉक लावले तर काय होईल? आता दोन्ही चाकांचे फेरे सारखे राहतात, पण जोर सारखा राहण्याचे बंधन उरत नाही. प्रत्येक चाक आपापल्या पकडीप्रमाणे रेटा देते. मागच्या आसाचा रेटा ४० आणि ३२० मिळून ३६० होतो. त्यात पुढच्या आसाचे ८० मिळविले की एकूण ४४०. हवे होते २००. न एंजिन बदलले, न चाके बदलली, न चढ कमी झाला. आणि तरी गाडी सहज वर जाते.

बटाट्याच्या ओळी आणि नांगराचा तास

अशा लॉकचे मोल कोठे कळते याचे एक ठळक उदाहरण युद्धोत्तर जर्मनीतील आहे. तेथे १९४५ नंतर अन्नधान्याची टंचाई होती. विमानांच्या एंजिनांवर काम केलेल्या आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने तेव्हा शेतकऱ्यासाठी एका नव्या वाहनाची आखणी केली. शेतात ट्रॅक्टरसारखे राबावे आणि माल घेऊन रस्त्याने बाजारालाही जावे, असे ते वाहन हवे होते. त्याची पहिली गाडी १९४६ मध्ये चालविली गेली. युनिमोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहनाच्या चाकांमधील अंतर १,२७० मिलिमीटर ठेवले होते; बटाट्याच्या दोन ओळी मावतील एवढे ते होते. सुरुवातीच्या एंजिनाची शक्ती केवळ २५ अश्वशक्ती होती आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. पण चारी चाकांना जोर होता, आणि पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना डिफरेन्शिअल लॉक होते. मऊ जमिनीत अवघ्या २५ अश्वशक्तीचा पुरेपूर उपयोग व्हावयाचा, तर ती घसरणाऱ्या चाकावर वाया जाऊ देऊन चालणार नव्हते. १९५१ पासून डेम्लर-बेंझने गागेनाउ येथील कारखान्यात हे वाहन तयार केले. पुढे वणवे विझविणे, बर्फ काढणे, सैन्याची ने-आण करणे अशा अनेक कामांसाठी ते जगभर वापरले गेले.

शेतकऱ्यांच्या मुलांना मात्र हे लॉक पाहण्यासाठी जर्मनीस जाण्याचे कारण नाही. भारतातील सामान्य ट्रॅक्टरच्या आसनाखाली, चालकाच्या टाचेजवळ, एक लहान पायपट्टी असते. तीच डिफरेन्शिअल लॉकची पट्टी. नांगरणी करताना ट्रॅक्टरचे एक चाक नुकत्याच काढलेल्या तासात चालते आणि दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर. दोहोंची पकड सारखी नसते. ओल्या काळ्या मातीत एक चाक घसरू लागले की चालक क्षणभर क्लच दाबतो, टाचेने पट्टी दाबतो, आणि मग क्लच हळूहळू सोडून ट्रॅक्टर पुढे काढतो. पाय उचलला व चाकांवरील ताण कमी झाला, की स्प्रिंगमुळे लॉक आपोआप सुटते.

आपोआप लागणारी आणि अर्धवट लॉके

चालकाने दांडी ओढावी किंवा पट्टी दाबावी, यापेक्षा यंत्रानेच हे काम करावे, या विचाराने अनेक प्रकारची साधने निघाली. काहींत दोन चाकांच्या वेगांत फार फरक पडला, उदाहरणार्थ मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा, की भारी वजनांच्या हालचालीने लॉक आपोआप लागते. साध्या वळणावर एवढा फरक पडत नाही, म्हणून तेथे ते सुटेच राहते.

दुसरा प्रकार अर्धवट लॉकचा. त्यात पेटीच्या आत घर्षणाच्या चकत्या किंवा विशिष्ट आकाराची दंतचक्रे बसवून मोकळेपणा केवळ कमी करतात. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील झेडएफ या कारखान्याने ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींसाठी असे साधन तयार केले. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीसमन यांना १९५८ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत चकत्यांऐवजी मळसूत्री दंतचक्रांच्या घर्षणाचा उपयोग केला आहे. अशा साधनामुळे चांगल्या पकडीच्या चाकाला दुसऱ्याच्या, समजा, तिप्पट जोर मिळू शकतो. चिखलातले चाक ४० देत असेल तर खडकावरील चाक १२० देईल. मागच्या आसाचे १६० व पुढच्याचे ८० मिळून २४० झाले. आपल्या उदाहरणातील चढ जेमतेम चढता येईल. पण एक चाक अधांतरी असेल तर शून्याची तिप्पट शून्यच.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तिसरा मार्ग असतो. जागीच फिरणाऱ्या चाकाला विजेच्या नियंत्रणाने आपोआप ब्रेक लावला जातो. चिखलातल्या चाकाची पकड ४० आहे. त्यावर ब्रेकने २८० चा अडथळा आणला की डिफरेन्शिअलला ते ३२० च्या पकडीचे चाक वाटते, आणि सारख्या वाटणीच्या नियमाने दुसऱ्या चाकालाही ३२० मिळतात. युक्ती चतुर आहे. पण एंजिनाने दिलेल्या ६४० पैकी २८० ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातात, आणि दीर्घ चढावर ब्रेक तापतात. म्हणून अवघड वाटांच्या गाड्यांत खरे लॉक अजूनही टिकून आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या २०२१ मध्ये आलेल्या गुरखा गाडीत पुढच्या व मागच्या दोन्ही आसांची लॉके चालकाला हाताने लावता येतात, तर महिंद्रच्या २०२० च्या थार गाडीच्या काही प्रकारांत मागच्या आसाला आपोआप लागणारे लॉक दिलेले आहे.

लॉकची किंमत

लॉक इतके गुणाचे आहे तर ते कायमचेच का लावून ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर आरंभीच्या गणितात आहे. प्रत्येक काटकोनी वळणात एक फेरा अधिक घेण्याची बाहेरच्या चाकाची गरज लॉक लावल्याने नाहीशी होत नाही. चिखलात, वाळूत किंवा सैल खडीवर चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर ते सहजासहजी घसरत नाही. मग टायर खरवडले जातात, आस पिळला जातो, आणि गाडी वळण्याऐवजी सरळच जाऊ पाहते. पुढच्या आसाचे लॉक लागलेले असेल तर स्टीअरिंग इतके जड होते की वळण घेणे कठीण व्हावे. शेताच्या टोकाला बांध, ओघळ किंवा विहीर असते; तेथे ट्रॅक्टर वळविण्यापूर्वी लॉक सुटले आहे याची खात्री न करणे जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका आसाच्या मजबुतीचा. मोकळ्या डिफरेन्शिअलमध्ये एका बाजूच्या आसावर एकूण जोराचा निम्माच हिस्सा येतो. लॉक लावले आणि एक चाक अधांतरी राहिले तर सगळा जोर दुसऱ्या बाजूच्या एकट्या आसावर पडतो. चालकाने अशा वेळी ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर तो आस पिळून तुटू शकतो.

तिसरा धोका सहज ध्यानात येत नाही. टायरची पकड ही एकाच गाठोड्यासारखी असते. ती पुढे रेटण्यात खर्च झाली की आडवे घसरणे थोपविण्यासाठी उरत नाही. निसरड्या उतारावर आडवी चाललेली गाडी घ्या. डिफरेन्शिअल मोकळे असता एक चाक जागीच फिरू लागले तरी दुसरे चाक जमीन धरून गाडी सावरते. लॉक लावलेले असता दोन्ही चाके एकदमच घसरू लागतात, आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे ओढला जातो. म्हणजे सरळ चढावर जे साधन गाडीला तारते, तेच आडव्या उतारावर तिला दरीकडे नेऊ शकते.

चालकाची जबाबदारी

या सर्वांवरून लॉक वापरण्याचे नियम आपोआप निघतात. ते अडथळा येण्यापूर्वी, गाडी थांबवून किंवा अगदी सावकाश चालत असताना लावावे. चाक वेगाने फिरत असताना कडी सरकविल्यास तिचे दाते मोडतात. लॉक लावल्यावर शक्य तितके सरळ व संथ जावे. एकाहून अधिक लॉके असतील तर दोन आसांमधले प्रथम, मग मागचे, आणि अगदीच निरुपाय झाला तर पुढचे, असा क्रम ठेवावा. घट्ट जमीन लागताच ती सोडावी, आणि सुटल्याची खूण दाखविणारा दिवा असल्यास तो पाहूनच रस्त्याला लागावे.

लॉकने जमिनीची पकड वाढत नाही, हेही विसरता कामा नये. चारही चाके सारख्याच पातळ चिखलात असतील आणि गाडीचे पोट जमिनीला टेकले असेल, तर लॉक लावूनही चार वेळा ४०, म्हणजे १६० च मिळतात. तेथे फावडे, फळ्या, दोर आणि चार माणसे हीच साधने कामी येतात. ज्या चाकाखाली पकड आहे तिचा पुरता उपयोग करून घेणे, एवढेच लॉकचे काम.

पुरात अडलेल्या गावाकडे औषधे नेणारी गाडी असो, रुग्णाला घाटवाटेने खाली आणणारी रुग्णवाहिका असो, की पेरणीच्या घाईतला ट्रॅक्टर असो, ती ऐन वेळी अडून राहिली तर नुकसान केवळ इंधनाचे होत नाही. म्हणून जाणते चालक ओढ्याच्या काठावर आधी गाडीतून खाली उतरतात, काठीने चिखलाची खोली पाहतात, कोणते चाक कोठे पडेल याचा अंदाज घेतात, आणि मगच लॉक लावून पुढे निघतात.